मोटेलातली गोधडी

कॅनडात अंकुशच्या गावी पोहोचायला विमानतळापासून दोन दिवस लागत, आणि वाटेत मुक्कामाला एकच मोटेल होतं. कोपरखैरण्याच्या घरात भर दुपारी नात संघप्रिया मुक्ताबाईंना मोबाईलवर खोलीचे फोटो दाखवत होती. सहा वर्षांनी मुलगा अंकुश भेटणार म्हणून मुक्ताबाई खुशीत होत्या.

"बघ आजी, साधी आहे, पण स्वच्छ आहे."

पलंगावर गोधडी होती. मधोमध निळा चौकोन, कोपऱ्यात पांढरा तुकडा, जरा तिरकाच बसलेला. तो तुकडा मुक्ताबाईंनी स्वतःच्या लग्नातल्या साडीचा कापला होता.

"ही माझी गोधडी हाय."

"काहीही हां आजी! तिकडे पण शिवतात लोक."

"तुझ्या आजोबांच्या अंगावर घातली होती ही. चितेवर."

संघप्रियाचं हसू विरलं. तिनं घाईनं पुढचा फोटो लावला. तीच खोली, तीच गोधडी. पण आता एका बाजूनं उलगडलेली, आणि उशीला डोक्याचा खळगा.

"नको बुक करू, पोरी."

"मग अंकुशकाकाकडे जायचं कसं?"

मुक्ताबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. खळगा पलंगाच्या कडेला होता. भिंतीकडची बाजू मोकळी होती. चाळीस वर्षं नवऱ्यानं ती त्यांच्यासाठीच सोडली होती.