अकरा किलो

सायकल भिंतीपासून पुढे ओढली तशी ती डावीकडे कलली. सजावटवाल्याने वेळेवर गुडघा लावला म्हणून बरं, नाहीतर त्याच्या बोटांचा भुगा झाला असता.

"मिस्त्री, ही वाकडी आहे हो."

"वाकडी नाही," मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा कानशी फडक्यात गुंडाळू लागले. एरवी असं कुणी म्हणालं असतं तर त्यांनी त्याला दोरा लावून फ्रेम दाखवली असती आणि वर चार शब्द सुनावले असते. आज त्यांच्यात तेवढा जोर नव्हता.

वर्कशॉप संध्याकाळपर्यंत रिकामं करायचं होतं. एका पायाने अधू असलेल्या पेपरवाल्यासाठी केलेली एकाच पेडलची सायकल, रंगाऱ्याची शिडी आडवी मावेल अशी लांबुळकी, दोन्ही सकाळीच भंगारात गेल्या. गिऱ्हाइकं वारली तेव्हा त्यांच्या मुलांनीच त्या आणून टाकल्या होत्या. नवीन फ्रेम सांगायला दोन वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं. दुकानात तयार सायकल मिळते, तर अंगाचं माप द्यायला कोण येणार? मिस्त्रींनाही त्याचं आता काही वाटत नव्हतं. नऊ महिन्यांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून कशाचंच काही वाटत नव्हतं.

उरली होती ही एकच. एका फ्रेमवर शेजारी शेजारी दोन सीटा, उजवी त्यांची, डावी बायकोची. मागे बसलं की वाऱ्यात बोलणं ऐकू येत नाही, अशी तिची तक्रार होती. ते सत्तर किलोंचे, ती बावन्नची. म्हणून तिची सीट मधल्या नळीपासून चार बोटं जास्त लांब ठेवली आणि सायकल नाकासमोर चालू लागली. रोज सकाळी दोघं तिच्यावरून भाजी आणायला जात. लोक हसत, मग तीही हसे.

सजावटवाल्याला ती एका हॉटेलच्या भिंतीवर टांगायची होती. "जोडपी खाली उभी राहून फोटो काढतील," तो म्हणाला. "पण सरळ राहायला हवी. डाव्या सीटखाली काहीतरी जड बांधलंय बघा."

खोकी भरत असलेली मिस्त्रींची मुलगी उठून आली. तिने वाकून सीटखालची कातडी पिशवी सोडली. दोन्ही हातांनी उचलावी लागली. आत नळ्यांचे तुकडे होते, तारेने बांधलेले चार जुडगे. प्रत्येकाला पत्र्याची पट्टी आणि पट्टीवर ठोकलेले आकडे. टेबलावरून उठलेली कुठलीही वस्तू महिना आणि वजन ठोकल्याशिवाय जाऊ द्यायची नाही, हा मिस्त्रींचा शिरस्ता.

"फेब्रुवारी, अडीच," तिने वाचलं. "एप्रिल, दोन. जून, साडेतीन." चौथी पट्टी तिने मनातच वाचली. ऑगस्ट, तीन.

ती खाली फरशीवरच बसली. सप्टेंबरात हॉस्पिटलच्या कार्डावर आईचं वजन तिनेच लिहून घेतलं होतं. एक्केचाळीस. "निदान उन्हाळ्यात तरी आणायचं होतं," डॉक्टर म्हणाले होते.

उन्हाळ्यात ती व्हिडिओ कॉलवर आईच्या किती विनवण्या करत होती. चेहरा उतरलाय तुझा, मोठ्या डॉक्टरला दाखव. आई खो खो हसायची. "मला काय धाड भरलीय? रोज सायकलवर बसते ना मी? वजन घटलं असतं तर सायकल तुझ्या बाबांकडे कलली नसती? हातच्या काकणाला आरसा कशाला!"

"बाबा," मुलगी म्हणाली, "हे तुम्ही घातलंत?"

"हो."

"आईला माहीत होतं?"

"नाही. ती झोपलेली असताना घालायचो. दुपारी."

"का?"

मिस्त्रींनी कानशींचं गाठोडं बाजूला ठेवलं. हात पुसले. हात स्वच्छच होते, तरी पुसले.

"फेब्रुवारीत कलायला लागली माझ्या बाजूला. मला वाटलं, सांधा बसला. सगळी उकलली, दोरा लावून बघितली, दोनदा. फ्रेम सरळ होती. माझी फ्रेम सरळच असते."

"मग?"

"मग अडीच किलो घातले. नीट चालली. एप्रिलमध्ये परत कलली."

"बाबा, फ्रेम सरळ होती तर मग कशामुळे कलत होती? तुम्हाला कळलं नाही?"

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न त्यांना नवीन नसावा. पण उत्तर एकच होतं, आणि ते त्यांनी सायकल घ्यायला आलेल्या कुणाही गिऱ्हाइकाला द्यावं तसं दिलं.

"सायकल कलत होती. मी सरळ केली."

मुलीच्या हातातली पट्टी खाली पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं ते कुणावर? समोर बाप उभा होता, खांदे पाडून, सवयीने थोडा उजवीकडे सरकून, डावीकडे एका माणसापुरती जागा सोडून.

सजावटवाल्याला त्यातलं काही उमगलं नव्हतं. बापलेकीचं काहीतरी बिनसलंय एवढं कळून तो इतका वेळ सायकलशीच चाळा करत होता. आता त्याने ती स्टँडवर चढवली आणि हळूच दोन्ही हात काढून घेतले. दोन्ही सीटा रिकाम्या होत्या.

"हे बघा मिस्त्री," तो खुशीत म्हणाला, "आता कशी सरळ उभी राहिली!"