तांदळात लिहिलेलं नाव

बायको गेली त्या दिवसापासून यशवंतराव भानावर नव्हते. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या कचेरीत मृत्यूची नोंद करताना त्यांनी तिचं सासरचं नाव सांगितलं, शालिनी. घर मात्र तिच्या एकटीच्या मालकीचं होतं, पासपोर्टावरच्या माहेरच्या नावाने, द्वारका.

मराठी वकीलबाईंनी मृत्यूचा दाखला आणि घराचा कागद शेजारी-शेजारी ठेवले. "काका, कागदोपत्री घराची मालकीण अजून जिवंत आहे. या दोघी एकच, याला पुरावा?"

"मीच बदललं ना नाव. लग्नात, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून."

"लग्नाचा दाखला?"

"तेव्हा कोण काढत होतं? आणि त्या तांदळाचा भात करून जेवलो आम्ही!"

"मग तुमच्याशिवाय त्या लग्नाला हजर असलेलं कोणीतरी आणा."

यशवंतरावांनी एकेक चेहरा आठवून पाहिला. सगळे गेले होते, शेवटची ती.

घर अजून त्यांच्या नावावर झालेलं नाही.