भरिताचे पाहुणे

पाहुण्यांची गाडी विहिरीपाशी थांबली, तेव्हाच रोहिणीला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. माघाच्या शेवटी मळ्यात भरीत खायला माणसं येतात ती मोटारसायकलींवर, तिघं तिघं बसून, आरडाओरडा करत. ही दोघं धुतलेल्या गाडीतून उतरली. इस्त्रीचा शर्ट घातलेला चाळिशीचा भिलाभाऊ आणि त्याची थोरली बहीण फुलवंताबाई. पुरुषोत्तमनगरचे, आप्पांचे जुने स्नेही, असं आईनं सांगितलं होतं. इतके जुने की रोहिणीनं वीस वर्षांत त्यांचं नावही ऐकलं नव्हतं.

मुलगा कुठे दिसत नव्हता. म्हणजे आधी मुलाचा बाप आणि आत्या पाहून जाणार. मागच्या महिन्यात तिच्या मैत्रिणीलाही असंच हुरड्याला म्हणून नेलं होतं, आणि ओटीत नारळ घालून परत आणलं होतं. रोहिणीला जूनमध्ये नाशिकला शिकायला जायचं होतं. आप्पा "पाहू" म्हणाले होते. आप्पांचं "पाहू" कसं असतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

फुलवंताबाई अंथरलेल्या गोधडीवर लगेच बसली नाही. वाकून तिनं गोधडीची कड उलटी केली आणि मागच्या बाजूचे टाके पाहिले.

"कोनी शिवी?"

"आमना रुपाबाईनी," आई म्हणाली.

रुपा म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. पाच वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हापासून भावाकडेच असायची. विहिरीकडेची वांगी, लसूण, मेथी, सगळी तिच्या हातची. आज तिनं मोरपंखी साडी नेसली होती. ती साडी दिवाळीलाही पेटीबाहेर आली नव्हती. म्हणजे आत्याही कटात सामील! याचं मात्र रोहिणीला फार वाईट वाटलं. घरात तिच्या बाजूचं तेवढं एकच माणूस होतं.

भिलाभाऊ वाफ्यांच्या कडेकडेनं फिरला. "हाई बाग कोन सांभाळस?"

"रुपाच," आप्पा म्हणाले.

मग तो रोहिणीकडे वळला. "तू काय शिकी ऱ्हायनी, बेटा?"

झालं. रोहिणीच्या मनात जी थोडी शंका उरली होती, तीही गेली. तिनं "बी.एस्सी." एवढंच सांगितलं आणि पाठ फिरवली.

"रुपाबाई, पाहुनासले पानी द्या," पाहुणे आप्पांबरोबर विहिरीकडे गेल्यावर आई म्हणाली. "रोहिणी, तवलोंग तू भरीत कुटी ले."

आता पोरीचा स्वयंपाकही दाखवायचा तर! सरळ सांगायचं ना. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची या घराला सवयच.

कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळात भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत, कुटायच्या भांड्यात, पडली होती. शेजारी पानावर रुपानं बेताच्या मिरच्या काढून ठेवल्या होत्या. रोहिणीनं त्या टाकल्या. मग टोपलीत हात घातला आणि मूठभर आणखी टाकल्या. मग आणखी एक मूठ. असली सून नको, असं त्यांनीच म्हणावं, म्हणजे आपल्याला तोंड उघडायला नको. ती दातओठ खाऊन कुटत राहिली.

पंगत बसली. कळण्याची भाकरी, कांद्याची पात, मध्ये भरीत. आप्पा हसून म्हणाले, "रुपाना हातनं शे. खाईसन तं पहा."

रोहिणी चमकली. आत्याचं नाव कशाला?

फुलवंताबाईनं घास घेतला आणि पदर तोंडाशी नेला. खोकता खोकता तिचे डोळे भरून आले. भिलाभाऊनं अख्खा तांब्या रिकामा केला.

"कुंदनभाऊ," फुलवंताबाई शेवटी आप्पांना म्हणाली, "मन्हा भाऊना घर दोन लहान लेकरे शेतस. त्यासनी माय जाईसन दोन वरीस व्हयनात. आसं रांधनारीना हातनं त्या काय खातीन?"

मुलगा मागून येणार नव्हता. नवरदेव समोरच बसला होता, डोळे पुसत. विधवेच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी त्यांच्यात घरात करत नाहीत, मळ्यात करतात. आणि ठरेपर्यंत बिनलग्नाच्या पोरीच्या कानावर घालत नाहीत. ही रीत रोहिणीला माहीत नव्हती असं नाही. तिला स्वतःखेरीज दुसरं कोणी सुचलंच नव्हतं.

"मिरची मी टाकी," ती म्हणाली. "आत्यानी नही. मले वाटनं..." पुढचं तिला बोलवेना.

फुलवंताबाईनं तिला खालून वर न्याहाळलं. "पोर गुनी शे. आत्यासाठे लबाड बोलस." मग आप्पांकडे पाहून म्हणाली, "पहिलाच दिन झाकपाक? चाल भिला, ऊन व्हई ऱ्हायनं."

ती उठली. भिलाभाऊही उठला. आप्पांनी मान खाली घातली. रोहिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं बोलूनही आता काही उपयोग नव्हता.

रुपा सकाळपासून पाहुण्यांशी एक शब्द बोलली नव्हती; अशा वेळी बाईनं बोलायचं नसतं. ती जागची उठली, वाफ्यात शिरली आणि चार वांगी तोडून घेऊन आली. विझत आलेल्या जाळावर तिनं पऱ्हाट्या मोडून घातल्या, फुंकर मारली. धूर नाकातोंडात गेला तरी ती मागे सरली नाही. वांगी निखाऱ्यात सारून तिनं वर पाहिलं, फुलवंताबाईकडे नव्हे, भिलाभाऊकडे.

"बठा," ती म्हणाली. "मन्हं भरीत आजून व्हवानं शे."