नितळ

सहा वर्षांच्या सांचीची साबणाच्या जाहिरातीसाठी निवड झाली, तेव्हा तिच्या मम्मीने, सपनाने, अंधेरीतल्या त्यांच्या अख्ख्या चाळीत पेढे वाटले. त्याच सुमारास शाळेत सगळ्या मुलांना जंतांची गोळी दिली. सांचीचे जंत पडले, पोटदुखी थांबली, पण गालांवर आणि मानेवर लाल, खाजरे चट्टे उठले. शूटिंगला दुसरीच मुलगी उभी राहिली.

"पोटात जंत असले की काही मुलांची अ‍ॅलर्जी दबून राहते, ताई," डॉक्टर म्हणाले. "जंत गेले, ती वर आली. मलम देतो. पोरगी आता अंग धरेल बघा."

मलमाने चट्टे काही हटेनात. पावसाळ्यात मात्र सांचीच्या पोटात पुन्हा जंत झाले, आणि हळूहळू चेहरा नितळ झाला. सपनाने लगेच नवी ऑडिशन मिळवली. शाळेत परत गोळ्या वाटल्या, त्या दिवशी तिने सांचीला घरीच ठेवलं.

स्टुडिओच्या दारात सांची पोट धरून खाली बसली.

"मम्मी, खूप दुखतंय गं."

सपनाने तिला उभं केलं आणि तिच्या गालांवरून हलक्या हाताने पावडर फिरवली.

"दुखू दे. दिसत नाही ना ते."