दिपाच्या दप्तरातली पुडी

"दिपाच्या दप्तरात सापडली ही," सुनिता मॅडमनी टेबलावरच्या गुटख्याच्या पुडीकडं बोट केलं. "ओळखता?"

पारुबाईनं पदर तोंडाशी घेतला. पुडीचा कोपरा दातानं फाडलेला होता. कालच, तिनंच.

"न्हाई जी. आमच्या घरात असलं कुनीच खात न्हाई."

नववीतली दिपा भिंतीला टेकून उभी होती. ती आईकडं बघेना. कोपऱ्यात हिंगोलीहून पोरांचे दात तपासायला आलेली डॉक्टरीणबाई कागद भरत होती.

शाळेचा फोन आल्यापासून, तांडा ते वसमत, एसटीत पारुबाई खाली मान घालून बसली होती. हळदीच्या वावरात पुडी तोंडात असली की उन्हात भूक कळत नाही, ही तिची दहा वर्षांची सवय. पोरीच्या देखत खायची. दुकानातून आणायलाही पोरीलाच धाडायची. ते आठवलं आणि कान तापले.

"घरात कुणी खात नाही, मग ही शिकली कुठं?" मॅडम म्हणाल्या. "हेडसरांच्या कानावर घालावं लागेल."

दिपानं तरीही आईचं नाव घेतलं नाही. ते पारुबाईला चपराकीसारखं लागलं.

"खोटं बोलले मी," ती कशीबशी म्हणाली. "पुडी माजीच हाय. लेकरू माज्यापायी बिघडलं. हेडसराला सांगू नका, पाया पडते मॅडम."

डॉक्टरीणबाई उठली. "दिपा, आ कर." पोरीच्या तोंडात तीन बोटं सहज उभी मावली. बॅटरी आत फिरवून बाई म्हणाली, "गुटख्यानं तोंड आखडतं, उघडत नाही. हिनं कधी खाल्लेलाच नाही."

पारुबाई बघतच राहिली. "मंग पुडी?"

"सापडली नव्हती. सकाळी हिनंच माझ्या हातात आणून दिली," मॅडम हळूच म्हणाल्या.

दिपा पुढं आली. तिनं आईचा पदर तोंडावरून बाजूला केला.

"याडी, तुजं तोंड उघडंना झालंय, भाकर दुधात भिजवली तरी तुला गिळवत न्हाई. दवाखाना म्हनलं की तू येत न्हाईस. म्हनून मॅडमला म्हनलं, चोर मला ठरवा, पन डॉक्टरीणबाई हायत तवर माज्या याडीला बोलवून घ्या."