चाळीस टक्के शिल्लक

"चाळीस टक्के होती," रादोये म्हणाला. "चाळीस टक्के शिल्लक असताना फोन आपोआप बंद पडला. त्याला मी काय करू?"

"आपोआप," देसांका म्हणाली.

"आपोआप."

"रोज दुपारी. तू बाहेर असतोस तेव्हाच."

"मग मी घरात असताना तू मला फोन कशाला करशील?"

हे बरोबर होतं, त्यामुळे देसांका जास्तच चिडली. तिने ताट त्याच्यासमोर आदळलं. आंबवलेल्या कोबीच्या पानांत खिमा-भात गुंडाळून मंद आचेवर शिजवलेले तीन सारमे. रादोयेने एक खाल्ला, उरलेले दोन बाजूला सारले.

"भूक नाही."

बत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने एकदाच ऐकलं होतं, सासऱ्यांच्या अंत्यविधीला. तेही त्याने संध्याकाळी मागे घेतलं होतं.

तो आडवा झाल्यावर तिने त्याचा कोट खुंटीवरून काढला. कॉलरचा वास घेतला, बाह्यांचा घेतला. सदरा उजेडात धरून छातीवरचा भाग इंच न् इंच पाहिला. मग त्याच्या उशाशी जाऊन, वाकून, त्याची मिशी तपासली. कुठे काही नव्हतं. इतका स्वच्छ माणूस निर्दोष असूच शकत नाही, असं तिचं मत झालं.

अंगणापलीकडे धाकट्या दिराचं घर. तिथून मिलुंका कॉफीला आली आणि दारातूनच म्हणाली, "कळलं का जाऊबाई? कोपऱ्यावरच्या पिवळ्या घरात जातात भाऊजी. ती बेलग्रेडहून आलेली विधवा, झागोर्का. तिच्याकडे."

"कोणी पाहिलं?"

"कोणी नाही पाहिलं ते विचारा."

देसांकाने कॉफी उकळू दिली, उतू जाऊ दिली. "काय आहे गं त्या बाईत असं?"

"बेलग्रेडला हॉटेलात होती म्हणे."

"काय सांगतेस!"

"एका नाही, दोन हॉटेलांत."

देसांका मटकन खाली बसली. "म्हणजे चांगली तयार होऊन आलीय."

"पुरुषाला कधीतरी बदल लागतो, जाऊबाई."

"कशाला लागतो? इतक्या वर्षांत एकदा तरी तक्रार केली त्याने? रात्री-अपरात्री मागितलं तरी मी नाही म्हटलं नाही!" तिचा आवाज फुटला. "आणि स्लावा तोंडावर आलाय."

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. त्या दिवशी आमंत्रण कोणाला नसतं आणि येतात मात्र सगळे.

"सगळं गाव माझ्या टेबलाशी बसणार," देसांका म्हणाली, "आणि माझ्याकडे बघून एकमेकांना कोपरं मारणार. त्यापेक्षा मेलेली बरी."

"आधी फोन दुरुस्तीवाल्याला दाखवा. खोटं बोलतात की खरं, ते तरी कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी रादोये दाढी करत होता. हल्ली तो रोज करायचा. देसांकाने त्याच्या खिशातून फोन उचलला आणि वुकाशिनच्या दुकानात नेला. वुकाशिनने तो बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर, बर्फातच ठेवला आणि तिच्यासाठी कॉफी ओतली. कप रिकामा व्हायच्या आत फोन काळाठिक्कर. मग त्याने तो काखेत धरला. थोड्या वेळाने फोन जागा झाला, चाळीस टक्के दाखवत.

"बॅटरी म्हातारी झालीय, मावशी. आकडा दाखवते, पण गारठ्यात दम धरत नाही. आमच्या सासऱ्यांसारखं."

"घरात बसल्या-बसल्या बंद पडेल?"

"चूल पेटलेल्या घरात? शक्यच नाही. काका थंडीत फिरत असतील. नवी टाकू?"

"राहू दे," देसांका म्हणाली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. आपण नदीवर फिरायला जातो, असं रादोये सांगायचा. कोण जाणे, खरंही असेल.

दुपारी तो निघाला. ती मागोमाग, बरंच अंतर ठेवून. नदीकडे वळायच्या जागी तो वळला नाही. पिवळ्या घरासमोर थांबला, टोपी सारखी केली, आणि त्याने हात वर करायच्या आतच दार उघडलं. झागोर्काने त्याला दंडाला धरून आत घेतलं.

देसांकाने कुंपण धरलं. मग तिची नजर वर गेली. भर जानेवारीत गल्लीतल्या सगळ्या धुराड्यांतून धूर निघत होता, फक्त या घराच्या नाही. तिने त्याला फोन लावला. बंद.

गुडघाभर बर्फातून ती मागच्या बाजूला गेली आणि स्वयंपाकघराच्या काचेवरचं हिव तिने लोकरी हातमोज्याने पुसलं.

बाकावर दोघं कोट घालूनच बसली होती, गुडघ्याला गुडघा लावून. तोंडातून निघणाऱ्या वाफा एकमेकींत मिसळत होत्या. तिचे दोन्ही हात त्याच्या हातांत होते. तो काहीतरी पुटपुटला, ती हसली, आणि रादोयेने तिचं चुंबन घेतलं. चांगलं लांबलचक. टोपी खाली पडली तरी त्याला पत्ता नव्हता.

देसांकाने मान लांब करून त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे पाहिलं. टेबल मोकळं. ताट नाही, चमचा नाही, पावाचा चुरासुद्धा नाही. चुलीवर तर घडी घातलेल्या चादरींची चळत.

तिने छातीवर तीनदा क्रूस काढला आणि जवळजवळ पळतच घर गाठलं.

फाटकापाशी मिलुंका राकियाचा, घरी गाळलेल्या कडक दारूचा, ग्लास भरून उभी होती. "काय झालं, जाऊबाई? रडताय की हसताय? बोला ना काहीतरी!"

देसांकाने ग्लास एका घोटात रिकामा केला.

"काही नाही गं, उगाच जीव टांगणीला लावला दोघींनी. जेवत नाही तो तिच्याकडे! नुसतं प्रेमप्रकरण आहे."