पावाची शिडी

वारलेली माणसं वर्षातून एकदा येतात, तशी आज दुपारी जेवायला घरी यायची होती. तोमासाने पहाटेच भट्टी पेटवून नवऱ्याच्या रूपाचा पाव भाजला. सेवेरोच्या मिशा जमल्या, तुटका डावा कानही जमला. शेजारी तिने त्याला वरून उतरायला पावाची शिडी ठेवली. तेवढ्यात खाणीकडची एक अनोळखी बाई दारात आली. तिच्या फडक्यातही मिशांचा पाव होता, डावा कान तुटका.

"माझा नवरा, सेवेरो," ती म्हणाली.

तोमासाचं पित्त खवळलं. "तुझा? मेला मला वीस वर्षं खाणीत जादा पाळी आहे म्हणून सांगायचा!"

"मला सांगायचा, गावी पेरणी आहे."

तोमासाने शिडी उचलली, मधोमध मोडली आणि अर्धी तिच्या हातात कोंबली.

"खा बाई. बसू दे त्याला वरच उपाशी!"